अंड्यांची गाडी आणि अखंड सुगडं

एका गावात, वस्ती संपून धुराचा वास सुरू होतो तिथे, अगदी शेवटच्या घरी एक कुंभार राहायचा. त्याचं नाव भागोजी आणि त्याच्या बायकोचं नाव गिरजा. भागोजीच्या हाताला गुण होता. त्याच्या माठातलं पाणी इतकं गार, की उन्हातून आलेला माणूस पहिला घोट घेऊन डोळेच मिटायचा.

पण गिरजेचा जीव होता तो सुगडांत. संक्रांतीच्या वाणाची ती इवली इवली काळी सुगडं! भागोजी ती चाकावर काढायचा. घोटायची, वाळवायची, भाजून झाली की मऊ फडक्यानं पुसायची ती गिरजेनं. एकेक सुगड हातात घेऊन ती त्याच्याशी बोलायची, "जा बाई, कुणाच्या तरी देव्हाऱ्यापुढे जा. ऊस, बोरं, हरभरा, तिळगूळ पोटात घे आणि त्या घरच्या बाईला हसतं ठेव."

गिरजेचा स्वभावच तसा. गळ्यात तुळशीची माळ. सोमवार, एकादशी, चतुर्थी, कुठलाही उपास चुकायचा नाही. भागोजी चेष्टेनं म्हणायचा, "आमच्याकडे आज जेवायचं की नाही, ते आधी पंचांगात बघावं लागतं!"

घरात समाधान होतं. दुखणं एकच होतं. मडकी गावात आणि गिऱ्हाईक शहरात. गिरजेच्या सासऱ्यांच्या काळी गाढवांच्या पाठीवर, पेंढा भरलेल्या जाळ्यांतून मडकी जायची. गाढव हळू चालायचं, पण पाऊल बघून टाकायचं. आता शहर लांब गेलं होतं, बाजार मोठा झाला होता, आणि गाढवं कधीच संपली होती. मग भाड्याचा टेम्पो.

टेम्पोवाल्याला काय, भाडं मिळाल्याशी काम. गेल्या संक्रांतीला त्यानं सुगडांच्या शेजारीच कुणाच्या फरश्या रचल्या. शहराच्या पेठेत पूजासाहित्याचं दुकान चालवणाऱ्या काकूंकडे गाडी पोचली, तेव्हा निम्मी सुगडं फुटलेली. काकू वाईट नव्हत्या. त्यांनी गिरजेला आत बोलावून पाणी दिलं आणि म्हणाल्या, "गिरजा, तुझ्यासारखं सुगड कुणाकडे नाही, हे मी चारचौघींत सांगते. पण बायका दारात उभ्या असताना त्यांच्या हातात काय खापऱ्या देऊ? टवका उडालेलं सुगड वाणाला चालतं का, तूच सांग. पुढच्या वर्षी धड आली तर ठीक. नाहीतर मला दुसरा कुंभार बघावा लागेल, बाई."

काकूंचं दुकान सुटलं, तर चाक थांबल्यासारखंच होतं. माठ काय, उन्हाळ्यात खपतात. बाकीचं वर्ष चालायचं ते या सुगडांवर, दिवाळीच्या पणत्यांवर आणि नवरात्रातल्या घटांवर, आणि ते सगळं जायचं काकूंच्याच दुकानात.

त्या दिवशी घरी येऊन गिरजेनं तुळशीपुढे दिवा लावला आणि नेम धरला. "दारात स्वतःची गाडी उभी राहीपर्यंत मी गूळ खाणार नाही." तिळगुळाचा डबा तिनं तसाच फळीवर ठेवून दिला.

भागोजी म्हणाला, "अगं, गाडी पाहिजे तर त्यात गुळाचा काय दोष?"

"गूळ मला आवडतो म्हणून सोडला. नावडतं सोडलं तर तो नेम कसला?"

वर्ष गेलं. त्यात भागोजी गाडी चालवायलाही शिकला. भागोजीनं मातीचे गल्ले करून माळ्यावर ओळीनं मांडले होते. विकलेल्या प्रत्येक माठामागे थोडं त्यांत पडत गेलं. मार्गशीर्ष सरत आला तेव्हा दोघांनी ते फोडले. नवीकोरी गाडी काही त्यांतून येणार नव्हती, पण जुनी, चालती पिकअप घेता आली असती.

गाडी घ्यायची म्हटल्यावर सल्ला द्यायला गाव कमी नसतं. पलीकडे वीटभट्टी चालवणारे बाळाशेठ मिशीवर हात फिरवत म्हणाले, "भागोजी, घ्यायची तर माझ्यासारखी दांडगी घे. दीड टन विटा टाकतो, हूं की चूं करत नाही. पुढे मागे धंदा वाढला तर? पैसे कमी पडले तर हप्ते आहेतच की!" भागोजीच्या डोळ्यांपुढे बाळाशेठची गाडी उभी राहिली. तिचा हॉर्न वाजला की चावडीवरची माणसं मान वळवून बघायची.

गावच्या फिटरला बरोबर घेऊन दोघं एसटीनं तालुक्याच्या गाडीबाजारात गेली. गिरजेनं बरोबर एक टोपली घेतली होती. तिच्यात पेंढा, पेंढ्यात सुगडं. जी गाडी ठरेल तिच्यात पहिली सुगडंच बसवायची, हळदकुंकू वाहायचं, असं तिच्या मनात होतं.

आणि आत शिरताच तिला ती दिसली. कुंकवासारखी लाल, उंच, धुऊनपुसून उभी केलेली पिकअप. पुढच्या काचेवर गणपतीचं चित्र. गिरजेचे हात आपोआप जोडले गेले.

"अहो, हीच!"

भागोजीचं तर आधीच ठरलं होतं. अगदी बाळाशेठच्या गाडीची जुळी बहीण. होते नव्हते ते सगळे पैसे जाऊन वर हप्ते बसणार होते, पण दोघांच्या तोंडावर असा आनंद, की हप्त्यांचं बोलणं दोघांनीही टाळलं.

गाडीबाजारवाला किल्ली आणायला गेला, तेवढ्यात भागोजीचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. तिथे एक बुटकी पिकअप होती. कधीकाळी निळी असावी. हौद्यात पेंढा पसरलेला. शेजारी स्टुलावर एक म्हातारेबाबा गुडघे चोळत बसले होते.

"ही कुणाची?" भागोजीनं विचारलं.

"माझी. कासमचाचा म्हणतात मला. जन्मभर हिच्यातून अंडी वाहिली. आता गुडघे गाडीपेक्षा जास्त वाजतात, म्हणून विकतोय."

गिरजा पदर सावरून मागे सरली. "अंड्यांची गाडी?"

"अंड्यांचीच, ताई."

"आणि हिच्यात आम्ही वाणाची सुगडं न्यायची? नको गं बाई!"

चाचांना राग आला नाही. ते नुसते हसले. "मर्जी तुमची. पण ताई, अंडं आणि मडकं, दोघांचं दुखणं एकच असतं बघा."

गिरजेनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. किल्ली आली होती.

"वहिनी, पुढे बसा," गाडीबाजारवाला म्हणाला.

"सुगडं मागे बसणार, मग मी पण मागेच बसून बघते," असं म्हणून गिरजा टोपली घेऊन हौद्यात चढली. आधी तिनं टोपली मांडीवर घेतली. मग तिलाच वाटलं, रोज काय मी मांडीवर घेऊन बसणार आहे? म्हणून टोपली खाली ठेवली आणि कठडा धरून बसली.

पहिला गतिरोधक आला. गाडी अशी उसळली, की गिरजा हातभर वर गेली आणि दाणकन खाली बसली. टोपली तिच्याहून उंच उडाली. "अगं आई गं!" पाठोपाठ दुसरा आला. परत येऊन खाली उतरली तेव्हा गिरजेचा चेहरा उतरला होता. टोपलीत वरच्या थराच्या खापऱ्या.

"अपशकुन झाला," ती हळूच म्हणाली.

"अपशकुन कसला वहिनी, पाटे आहेत पाटे!" गाडीबाजारवाला म्हणाला. "वजन झेलायला खालच्या लोखंडी पट्ट्या जाड दिलेल्या असतात. रिकामी गाडी उडणारच. दीड टन माल घाला, मग बघा कशी पाळण्यासारखी चालते."

भागोजी खापरी हातात घेऊन उभा होता. "दीड टन? शेठ, माझा माल म्हणजे निम्मा वारा आणि निम्मा पेंढा. हौदा शिगोशीग भरला तरी तुमच्या पाट्यांना पत्तासुद्धा लागणार नाही."

"मग एवढी मोठी हवी कशाला?"

 भागोजीनं खापरी टोपलीत टाकली. "गिरजे," तो म्हणाला, "लोक माठ घ्यायला येतात आणि रंग बघतात. मी त्यांना हसतो. टिचकी मारून बघा म्हणतो, नाद ऐका म्हणतो. आणि मी आज काय बघितलं? बाळाशेठची ऐट. तू काय बघितलंस?"

"कुंकवाचा रंग," गिरजा पुटपुटली. "आणि काचेवरचा गणपती."

"गणपतीला नमस्कार करू. तो काही पाट्यांच्या जागी बसलेला नाही."

टोपलीच्या तळाशी काही सुगडं अजून धड होती. ती घेऊन भागोजी निळ्या गाडीतून फेरी मारायला गेला. गिरजा गेली नाही. झाडाखाली बसून तिनं माळ हातात घेतली, पण जपात मन लागेना. गाडी परत आली. भागोजीनं एकेक सुगड कानाशी नेऊन टिचकी मारली. टण्, टण्, टण्. सगळी खणखणीत.

मग त्यानं फिटरला पुढे बोलावलं. त्यानं खाली वाकून, वर चढून, कान लावून सगळं तपासलं. इंजिन बरं आहे, टायर बदलावे लागतील, बाकी चिंता नाही, असं सांगितलं. किंमत अशी, की टायर, विमा, कागदपत्रं होऊन वर पणत्यांच्या मातीपुरते पैसे उरले असते. आणि हप्त्याचं नाव नाही.

भागोजी बायकोकडे बघत राहिला.

"नाही हो," गिरजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी माळकरीण. अंड्यांच्या गाडीतून वाण? माझ्या जिवाला ते लागून राहील."

भागोजीनं वाद घातला नाही. "गाडी दोघांची. तुझं मन नाही तर नाही."

निघताना कासमचाचा म्हणाले, "उद्या दुपारी एक जण बघायला येणार आहे. खोटं कशाला सांगू, त्यानं घेतली तर देऊन टाकीन." आणि त्यांनी गिरजेच्या टोपलीतल्या खापऱ्या काढून तिथे आपल्या हौद्यातला मूठ मूठ पेंढा भरला. "राहिलेली तरी नीट जाऊ द्या."

एसटीत गिरजा टोपली मांडीवर धरून बसली. संक्रांत जवळ येत होती. भाड्याचा टेम्पो सांगायचा, तर पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजा माती तुडवायला उतरली. मातीत राख कालवली, घोड्याची लीद कालवली. लिदीशिवाय कुंभाराच्या मातीला जीव येत नाही, भाजताना मडकं तडकतं. ती पाय उचलत होती, टाकत होती. पायाखालून माती मऊ होत होती. आणि मध्येच ती थांबली.

तिला नवी नवरी असतानाची गिरजा आठवली. पहिल्यांदा लिदीत पाय घालायचा म्हटल्यावर तोंड फिरवून रडलेली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "रड बाई, रडून घे. पण याच मातीचा घट तू नवरात्रात देवीपुढे बसवशील आणि त्याच्या पाया पडशील. लीद कुठे जाते तेव्हा? देवीनं कधी विचारलंय?"

गिरजेनं आपल्या पायांकडे बघितलं. घोट्यापर्यंत लीद आणि माती. या मातीची सुगडं अख्ख्या शहरातल्या सवाष्णी कपाळाला लावणार होत्या. देवाला हे सगळं चालतं. मग एका म्हाताऱ्यानं जन्मभर सांभाळून, एकही कवच तडकू न देता, पोटासाठी वाहिलेली अंडी, तेवढीच देवाला नडतील? तिला कालची पेंढ्याची मूठ आठवली. टोपलीतली सुगडं घरी धड आली होती.

तिनं पाय धुतले आणि चाकाशी बसलेल्या नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, गाडी धुता येते ना?"

"येते की. नदीवर न्यायची. का गं?"

"मग उठा. हात धुवा. एसटी चुकेल."

भागोजी चाक फिरतं ठेवूनच उठला.

गाडीबाजारात पोचली तेव्हा निळ्या गाडीशी एक माणूस उभा होता आणि टायरला लाथ मारून बघत होता. गिरजा झपाझप पुढे झाली. कासमचाचांनी तिला बघितलं आणि त्या माणसालाच विचारलं, "भाऊ, काय वाहणार हिच्यातून?"

"सळया. बांधकामाचं सामान."

"मग हिच्या कमरेचं काही खरं नाही. चार महिन्यांत बसेल. तुमच्यासाठी ती तिकडची लाल बरी. तिला वजनाचीच भूक आहे."

त्या माणसानं लाल गाडीत शेजारच्या दुकानातल्या सळया भरून फेरी मारली आणि खुशीत परत आला. गाडीबाजारवालाही खूश. ज्याची त्याला गाडी मिळाली होती. कासमचाचांनी किल्ली भागोजीच्या हातात ठेवली, आणि ठेवताना गाडीच्या दारावरून एकदा हात फिरवला, लेकीला सासरी धाडताना फिरवतात तसा.

गिरजा आज मागे नाही, पुढे बसली. नदीवर गाडी धुतली. गिरजेनं तुळशीचं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. भागोजी हौद्यातला जुना पेंढा काढून टाकायला लागला तर तीच म्हणाली, "राहू द्या हो. चांगला मऊ आहे. उन्हात टाकते नि पुन्हा पसरते."

दारात गाडी उभी राहिली. भागोजीनं घरातून गुळाचा खडा आणला. "घे. सुटला तुझा नेम."

गिरजेनं मान हलवली. "तोंडानं बोलले ती गाडी. पण मनात होतं ते सुगडं धड पोचायचं. ती पोचू द्या आधी."

"तू पण ना! देव गाडी देतो, तर तू त्याला आणखी पुढचं काम सांगतेस," भागोजी हसला आणि खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी सुगडं भरली. पेंढ्याचा थर, सुगडांचा थर, पुन्हा पेंढा. गतिरोधक आला की भागोजी वेग कमी करायचा, गाडी नुसती डुलायची आणि गिरजा म्हणायची, "सासऱ्यांचं गाढव चाललंय जणू!" तिच्या तोंडी ही मोठीच शाबासकी होती.

पेठेत काकू दुकानाच्या पायरीवरच उभ्या होत्या. त्यांनी हसून स्वागत केलं नाही. पहिलं सुगड उचललं, फिरवून बघितलं, टिचकी मारली. दुसरं उचललं. मग तिसरं.  थरांमागून थर उतरत गेले. काकूंच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या.

एवढ्यात खळ्ळ् असा आवाज झाला. सगळ्यांनी वळून बघितलं. शेवटचा थर उतरवताना भागोजीच्याच हातून एक सुगड निसटलं होतं.

"बघा काकू!" गिरजा म्हणाली. "गाडीनं एकही फोडलं नाही. मालकानं फोडलं!"

काकू इतक्या हसल्या, की त्यांना पायरीवर बसावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "नवरात्राचे घट पण तूच दे, गिरजा. आणि पणत्याही. दुसरा कुंभार कशाला शोधू मी?" त्यांनी आतून वाटी आणली आणि गिरजेच्या हातावर तिळगूळ ठेवला.

गिरजेनं तो आधी कपाळाला लावला, मग तोंडात टाकला. वर्षभरानंतरचा गूळ. तिला वाटलं, इतका गोड तो कधीच नव्हता.

परत जाताना तिनं तालुक्याच्या गावी, चाचांच्या गल्लीत गाडी थांबवायला लावली. कासमचाचा ओट्यावर ऊन खात बसले होते. गिरजेनं मुद्दाम राखून ठेवलेलं एक सुगड त्यांच्यापुढे धरलं. त्यात तीळ, गूळ, बोरं, उसाचा तुकडा, सगळं भरलेलं.

"सण परवा आहे, चाचा, पण तुमचा मान आधी. गोड मानून घ्या. त्या दिवशी मी फटकन बोलले."

चाचांनी सुगड दोन्ही हातांत घेतलं, अंडं धरावं तसं. "आणि माझी लेक कशी आहे? त्रास देत नाही ना?"

"नाही हो. तुम्ही लावलेलं वळण आहे. जपून चालते."

गाडी गल्लीतून बाहेर पडली तरी म्हातारा ओट्यावर उभा राहून बघत होता, आणि भागोजीनं एक छोटासा हॉर्न वाजवला.

गिरजेची सुगडं जशी धड पोचली, तशी तुमच्याआमच्या घरची नाजूक ओझीही धड पोचोत.

तात्पर्य: गाडी असो की माणूस, रंग आणि ऐट बघून घेऊ नये, आणि कालचं ओझं बघून टाकू नये. आपलं ओझं कुणाच्या हाती जपलं जाईल, ते आधी पारखून बघावं.